ठेवणीतली बॅटरी



आपल्याकडे खेड्यापाड्यांतून टॉर्चलाच बॅटरी म्हणण्याचा प्रघात आहे. "जरा बॅटरी दे रे, गोठ्यात जाऊन येतो," असे आजोबा म्हणाले, की नातू खुंटीवरचा टॉर्च आणून देतो. आत घालतो ते सेल. शास्त्राचे शिक्षक हे ऐकून हळूच हसतात आणि पोरांची चूक सुधारतात. मी मात्र आज त्या वादात शिरणार नाही. बॅटरी म्हणा, सेल म्हणा, ती वापरात नसताना कशी ठेवावी, एवढ्याच विषयावर मला आपल्याशी बोलायचे आहे. वापरातली वस्तू डोळ्यांसमोर असते. ती बिघडली तर लगेच कळते. ठेवणीतल्या वस्तूकडे वर्षवर्ष कोणी पाहत नाही, आणि नेमकी तिथेच गोम आहे.

उदाहरणासाठी मी एक खेळणे घेतो. खेळणे म्हणजे प्रकाशाची तलवार. १९७७ साली अमेरिकेत जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' नावाचा चित्रपट आला. त्यातले योद्धे लोखंडी तलवारीने लढत नाहीत. त्यांच्या हातात नुसती मूठ असते. कळ दाबली की मुठीतून प्रकाशाचे पाते निघते. तिला तिकडे लाइटसेबर म्हणतात. हे नुसते सिनेमातले नवल राहिले नाही. तशा तलवारी बनवून विकणारे कारखाने निघाले, त्या हाती घेऊन खेळणाऱ्यांची मंडळे झाली, आणि २०१९ साली फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने तर या खेळाला रीतसर मान्यता दिली. आता या तलवारी आपल्याकडेही मिळतात. शहरातले भाचे-पुतणे सुट्टीत गावी येतात, त्यांच्या सामानात एखादी सापडते.

या तलवारीच्या जन्माची एक गंमत आहे. चित्रपटाचे काम चालू असताना सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांना नायकाच्या तलवारीसाठी मूठ हवी होती. लंडनमधल्या एका छायाचित्रण-साहित्याच्या दुकानात त्यांना ग्राफ्लेक्स नावाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या झगमग दिव्याची दांडी मिळाली. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार एके काळी ती वापरत. त्या दांडीत काय असे? तीन मोठे सेल! आपल्या आजोबांच्या टॉर्चमध्ये जे जाडे सेल एकामागून एक घालावे लागत, त्याच मापाचे. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या तलवारीची मूठ मुळात सेल ठेवण्याची नळीच होती. बॅटरीशी तिचे नाते असे जन्मापासूनचे आहे.

आजच्या तलवारीत ते जाडे सेल नाहीत. मूठ ॲल्युमिनियमची, पाते पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकच्या नळीचे. दिवे मुठीत तरी असतात, नाहीतर पात्यात ओळीने बसवलेले असतात. आवाजासाठी लहानसा कर्णा आणि हे सारे सांभाळणारी एक पट्टी. एवढ्या संसाराला वीज पुरवतो तो एकच लिथियम-आयन सेल. त्याला १८६५० असे आकड्याचे नाव आहे. पहिले दोन अंक म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, पुढचे दोन म्हणजे ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य तो नळीसारखा गोल आहे असे सांगते. नाव अनोळखी वाटेल, पण वस्तू अनोळखी नाही. रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना आपण कपाळावर दिवा बांधतो, त्यातल्या कित्येकांत हाच सेल असतो. तोच हातातल्या चार्जिंगच्या टॉर्चमध्ये, तोच पॉवर बँकेत. मोबाइलमधली चपटी बॅटरी ही त्याचीच बहीण. तेव्हा मी तलवारीबद्दल जे सांगेन, ते आपल्या खुंटीवरच्या दिव्यालाही लागू आहे, हे ध्यानात असू द्यावे.

आता माझ्याच चुकीची एक हकीकत सांगतो.

माझा भाचा एका मे महिन्यात अशी तलवार घेऊन आमच्याकडे आला होता. जाताना ती विसरला. मी म्हटले, परक्याची वस्तू आहे, रिकामी कशी ठेवायची? म्हणून ती रात्रभर चार्जिंगला लावली, पूर्ण भरली, आणि माळ्यावर पत्र्याखाली ठेवून दिली. दुसऱ्या वर्षी भाचा आला आणि त्याने मोठ्या हौसेने कळ दाबली. उजेड नाही, आवाज नाही.

"मामा, ही उठतच नाही!"

मी सेल बाहेर काढून विद्युतदाब मोजला. काटा जेमतेम एक व्होल्टच्या पुढे गेला. सेलसोबतच्या चार्जरने तो भरायला नकार दिला. शहाण्या माणसाने तिथेच थांबायचे. पण मी पडलो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. प्रयोगशाळेतले वीज देणारे यंत्र घरी होते. ते जोडू लागलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, सोबतच्या कागदावर लिहिलंय, असा सेल पुन्हा भरू नका म्हणून." मी त्याला म्हणालो, "अरे, तुझ्या कागदापेक्षा मी जरा जास्त शिकलोय."

तासाभराने सेलला हात लावला तर चटका बसला. मी वीज तोडली, तोवर आतून फुसफुस ऐकू येऊ लागली आणि गोडसर, उग्र वास सुटला. चिमट्याने तो उचलून अंगणात मातीवर टाकला. त्यातून पांढरा धूर निघाला आणि थोड्या वेळाने थांबला. कोणाला इजा झाली नाही. पण टेबलावर डाग पडला तो अजून आहे. वाईट त्या डागाचे वाटत नाही. त्या तासभरात भाचा हनुवटी टेबलाला टेकवून, सेलपासून वीतभर अंतरावर डोळे लावून बसला होता, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. कागद वाचणारा तो बरोबर होता, आणि शिकलेला मी चुकलो होतो.

कुठे चुकलो ते समजायला सेलच्या पोटात डोकवावे लागेल.

साध्या टॉर्चच्या सेलमध्ये जस्त खर्ची पडते आणि वीज मिळते. जस्त संपले की सेल संपला. लिथियम-आयन सेलचे तसे नाही. त्यात दोन पट्ट्या गुंडाळीसारख्या एकमेकींवर लपेटलेल्या असतात. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप, ही एक. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडचा लेप, ही दुसरी. सेल भरताना लिथियमचे कण ग्राफाइटच्या घरात राहायला येतात. सेल वापरताना ते परत ऑक्साइडच्या घरी जातात. सासर-माहेर असे हे येणेजाणे शेकडो वेळा चालते. दोन घरांच्या मध्ये एक प्लॅस्टिकची झिरझिरीत पडदी असते, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. सगळे भिजलेले असते एका द्रवात, आणि तो द्रव ज्वलनशील आहे. असा सेल १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. ज्यांच्या संशोधनावर तो उभा राहिला ते व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

सेल पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो. वापरता वापरता तो उतरतो. साधारण ३ व्होल्टच्या आसपास वापर थांबवावा, आणि अडीच व्होल्टच्या खाली तर त्याला कधीच जाऊ देऊ नये. गेला तर काय होते? तांब्याचा तो पत्रा हळूहळू द्रवात विरघळू लागतो. सेल पडून राहिला, तर हे काम मुकाट्याने चालू राहते. मग माझ्यासारखा एखादा दीडशहाणा येतो आणि सेल पुन्हा भरू लागतो. विरघळलेले तांबे परत जमते, पण मूळ जागी सरळ जमत नाही. भलत्या ठिकाणी त्याचे बारीक काटे होतात. एक काटा पडदीतून आरपार गेला, की दोन पट्ट्या आतल्या आत जोडल्या जातात, वीज तिथेच उधळते, सेल तापतो आणि द्रव पेट घेऊ शकतो. म्हणून नियम असा: तळाला गेलेला लिथियम सेल जिवंत करू पाहू नये. तो गेला असे समजावे.

आपण म्हणाल, तलवार तर बंद होती. मग सेल तळाला गेला कसा? ती कळीने बंद होती, पण आतली पट्टी झोपलेली असली तरी श्वास घेत होती. कळ दाबली जाते का, याची वाट पाहायलाही थोडी वीज लागते. हिशेब करू. समजा, सेलची धारणशक्ती ३००० मिलिअँपिअर-तास आहे आणि झोपलेली पट्टी १ मिलिअँपिअर वीज खाते. ३००० भागिले १, म्हणजे ३००० तास. २४ ने भागले की १२५ दिवस. चार महिने झाले की सेल रिकामा! माझ्याकडे ती वर्षभर पडली होती. मालाला खिळ्याएवढे भोक पडले तरी रात्रीत टाकी रिकामी होते, तसाच हा प्रकार.

म्हणून ठेवणीची पहिली गोष्ट: सेल यंत्रापासून तोडून ठेवावा. निघत असेल तर बाहेर काढावा. ज्या तलवारींत तो आतच बसवलेला असतो, त्यांतल्या पुष्कळांना एक लहानशी खुंटी दिलेली असते. ती चार्जिंगच्या भोकात बसवली की सेलचा पट्टीशी संबंध तुटतो. खुंटी किरकोळ दिसते, पोरे ती हरवतात. पण तलवार वाचते ती तिच्यामुळेच.

दुसरी गोष्ट: सेल पूर्ण भरून ठेवू नये, रिकामाही ठेवू नये, निम्मा भरून ठेवावा. तळाला जाण्याचा धोका आपण पाहिला. पण गळ्यापर्यंत भरलेला सेलही सुखात नसतो. ४.२ व्होल्टला आतला द्रव आणि ऑक्साइड यांची कुरबूर वाढते आणि धारणशक्ती कायमची घटते. निम्मा भरलेला सेल ३.७ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान असतो. चार्जरवरून किंवा वापरातून काढल्यावर तासभर तसाच राहू द्यावा आणि मग मोजावे. मोजायचे साधन नसेल तरी अडत नाही. पूर्ण भरलेली तलवार किंवा दिवा जितका वेळ चालतो, त्याच्या निम्मा वेळ चालवून मग ठेवावा. सुटे लिथियम सेल विमानाने पाठवायचे असतील, तर ३० टक्क्यांहून जास्त भरलेले चालत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे. कमी भरलेला सेल बिघडला तरी कमी भडकतो, हे त्यामागचे कारण.

तिसरी गोष्ट: थंड आणि कोरडी जागा. उष्णतेने रासायनिक क्रियांना जोर चढतो. या विषयात नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे सांगतो. ४० टक्के भरलेला सेल २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवला, तर त्याची सुमारे ९६ टक्के शक्ती उरते. तोच पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. आता उष्णता ४० अंशांवर न्या. ४० टक्के भरलेल्याची ८५ टक्के उरते, आणि पूर्ण भरलेल्याची अवघी ६५ टक्के. सेलच्या जातीप्रमाणे यात थोडाफार फरक पडेल. पण रोख स्पष्ट आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा ४० अंशांच्या वर जातो हे कोणाला सांगायला नको. मी सेल गळ्यापर्यंत भरला, माळ्यावर पत्र्याखाली ठेवला आणि तोडून ठेवला नाही. तिन्ही नियम एकदम मोडले! आपण तो घरातल्या थंड भिंतीच्या फडताळात ठेवावा. माठाशेजारी नको, तिथे गारवा असतो, पण ओलही असते. चुलीजवळ नको, उन्हातल्या गाडीतही नको.

आपल्या बायाबापड्यांना हे सांगताना मी बियाण्याचा दाखला देतो. पुढल्या पेरणीचे बी आपण ठेवतो ते ओल लागणार नाही, ऊब धरणार नाही, अशा बेताने. आणि मधून मधून उघडून पाहतो. कारण बी निपचित दिसले तरी आत जीव असतो. सेलचेही तसेच आहे. त्याच्या पोटात काही ना काही चालूच असते.

आता हाताळणीविषयी थोडे. या सेलचे सबंध धातूचे अंग म्हणजे ऋण टोक, आणि डोक्यावरची टिकली धन टोक. मध्ये आड आहे ते रंगीत प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन. ते फाटले आणि सेल ॲल्युमिनियमच्या मुठीला टेकला, की दोन्ही टोके जोडली जाण्याची भीती. फाटक्या वेष्टनाचा सेल वापरू नये. सुटा सेल किल्ल्या आणि नाणी असलेल्या खिशात टाकू नये. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. भरायचा तो त्याच्यासाठी असलेल्या चार्जरनेच, माणसाच्या देखत, फरशीवर किंवा लादीवर. गादीवर, उशाशी, भुशाच्या किंवा चाऱ्याच्या जवळ कधीही नको. "पहिल्यांदा आठ तास लावा" आणि "पूर्ण उतरल्याशिवाय भरू नका" हे दोन सल्ले अजून कानांवर येतात. ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळचे आहेत. लिथियमला लागू नाहीत. तो थोडा थोडा भरलेला चालतो, किंबहुना तेच त्याला मानवते.

आणि तरीही आगीची वेळ आलीच तर? आधी मुख्य वीज बंद करावी. माणसे, विशेषतः मुले, दूर न्यावीत. धूर विषारी असतो, तो छातीत जाऊ देऊ नये. तलवारीतल्या किंवा टॉर्चमधल्या एवढ्या लहान सेलवर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतावे. पाणी त्याला थंड करते. विझल्यासारखा वाटला तरी लगेच उचलू नये, तो पुन्हा पेटू शकतो. निकामी सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि बॅटऱ्या परत घेणाऱ्याकडे तो द्यावा. आपल्या देशात २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. उकिरड्यावर तो मुळीच टाकू नये. उकिरडा पेटवला जातो, आणि तिथे पोरे खेळतात.

शेतकरी बंधूंसाठी एक इशारा. हे अर्ध्याचे गणित फक्त लिथियमचे आहे. फवारणीच्या पंपात पुष्कळदा शिशाची बॅटरी असते. तिची तऱ्हा उलट! ती पूर्ण भरूनच ठेवावी लागते. अर्धी-रिकामी ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ती भरेनाशी होते. म्हणून आधी बॅटरीवरचे नाव वाचावे आणि मगच ठरवावे. साधे फेकून द्यायचे सेल असतील, तर हंगाम संपताच ते टॉर्चमधून काढावेत. नाहीतर आत पाझरून ते टॉर्च खातात.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. शाळेत व्होल्टमापक असतो. असाच एखादा निम्मा भरलेला, चांगल्या वेष्टनाचा सेल घ्या आणि दर महिन्याला स्वतः त्याचा विद्युतदाब मोजून दाखवा. मुलांना आकडे वहीत लिहू द्या, आलेख काढू द्या. सेल मुद्दाम उतरवण्याचा किंवा जिवंत करण्याचा प्रयोग मात्र करू नका. तो मी केला आहे, तेवढा पुरे.

शेवटी, हे सगळे लक्षात कसे ठेवायचे? आपल्या वाडवडिलांनी त्याची सोय करून ठेवली आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रे आणि अवजारे बाहेर काढतो, पुसतो, पुजतो. घरात प्रकाशाची तलवार असो वा नसो, त्या दिवशी ठेवणीतले सगळे सेल बाहेर काढावेत, मोजावेत, उतरले असतील तर पुन्हा निम्मे भरावेत. मग संक्रांतीला एकदा, गुढीपाडव्याला एकदा, आषाढीला एकदा. म्हणजे अडीच-तीन महिन्यांचा फेरा आपोआप बसतो.

माझ्या भाच्याने तलवारीत नवा सेल घातला आहे. तलवार यंदाही आमच्याकडेच आहे. खुंटी बसवलेली, निम्मी भरलेली, देवघराच्या थंड भिंतीजवळच्या फडताळात. शेजारी तो कागदही घडी घालून ठेवला आहे. या वेळी मी तो वाचला आहे.